खरे आहे, पण निघते का?

"पण मावशी, आमचे डॉक्टर तर गातात! गणपतीत दरवर्षी त्यांचं गाणं असतं."

शेजारच्या मुलीने हे इतक्या ठामपणे सांगितले की क्षणभर मलाच काय बोलावे ते सुचेना. ती बी.कॉम. झालेली. व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमासाठीची राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे सगळे जिला ‘सीईटी’ म्हणतात ती, दुसऱ्यांदा देणार होती. पहिल्या खेपेला हवे ते महाविद्यालय मिळण्याइतके गुण पडले नव्हते. वडील एस.टी.त वाहक. ‘अजून एक वर्ष बघू, त्यापुढं नाही,’ असे त्यांनी सांगून टाकले होते. मी कनिष्ठ महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवत असे, हे तिला ठाऊक होते. म्हणून सरावाच्या प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा घेऊन ती एका संध्याकाळी माझ्याकडे आली.

प्रश्न असा होता. दोन विधाने दिली होती : ‘सर्व डॉक्टर पदवीधर आहेत. काही पदवीधर गायक आहेत.’ आणि विचारले होते, की यावरून ‘काही डॉक्टर गायक आहेत’ असा निष्कर्ष निघतो का? तिने ‘निघतो’वर खूण केली होती. उत्तर होते ‘निघत नाही’. आणि तिचा राग अगदी प्रामाणिक होता. गाणारे डॉक्टर तिने डोळ्यांनी पाहिले होते, कानांनी ऐकले होते. मग उत्तर चूक कसे?

या एका प्रश्नात या सगळ्या प्रकारच्या प्रश्नांची किल्ली आहे. म्हणूनच आज त्याविषयी बोलावेसे वाटते. घरात कुणी अशी परीक्षा देणारे असेल तर उपयोग होईलच. पण नसले तरी, रोजचे वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ही किल्ली लागते.

आधी परीक्षेचे स्वरूप पाहू. २०२४ सालच्या सीईटीत २०० प्रश्न होते आणि वेळ १५० मिनिटे. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. त्यातले ७५ प्रश्न तार्किक विचारक्षमतेचे. बैठकीच्या रचना, नातेसंबंध, सांकेतिक भाषा यांबरोबर विधाने आणि निष्कर्ष यांचे प्रश्न त्यातच येतात. म्हणजे गणित आणि भाषा यांपेक्षा या विभागाचे वजन जास्त. गंमत अशी की यासाठी पाठ करण्यासारखे फारसे काही नसते. त्यामुळे मुले समजतात, की हे आपल्याला येतेच. आणि तिथेच घसरतात.

कुठलेही विधान समोर आले की आपले मन पहिला प्रश्न विचारते, ‘हे खरे आहे का?’ परीक्षा मात्र वेगळाच प्रश्न विचारत असते, ‘दिलेली विधाने खरी मानली तर हे खरे असलेच पाहिजे का?’ हे दोन अगदी निराळे प्रश्न आहेत. गाणारे डॉक्टर जगात आहेत, हे खरेच. पण त्या दोन विधानांतून ते निघत नाही. ते खरे आहे हे आपल्याला गणेशोत्सवामुळे कळले, विधानांमुळे नाही.

हे पटावे म्हणून मी तिला एक वेडगळ उदाहरण दिले : ‘सर्व आंबे दगड आहेत. सर्व दगड उडतात.’ निष्कर्ष : ‘सर्व आंबे उडतात.’ ती हसली. पण निघतो का निष्कर्ष? निघतो. दोन्ही विधाने धादांत खोटी, निष्कर्षही खोटा, तरी तो शंभर टक्के निघतो. परीक्षेत मुद्दाम अशी विधाने देतात, कारण तिथे तुमचे जगाचे ज्ञान आड येऊ नये. उलट विधाने ओळखीची असली की सावध व्हावे.

हा दोष एकट्या तिचा नव्हे. १९८३ साली जोनाथन एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमध्ये केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. विधानांतून न निघणारे निष्कर्ष त्यांनी लोकांपुढे ठेवले. निष्कर्ष मनाला पटणारा असला तर सुमारे ७० टक्के वेळा लोकांनी तो मान्य केला. न पटणारा असला तर जेमतेम १० टक्के वेळा. तर्क दोन्हीकडे सारखाच चुकीचा होता. फरक फक्त पटण्याचा.

मग निघते की नाही, हे ठरवायचे कसे? निष्कर्ष मोडून पाहायचा. विधाने दोन्ही खरी, आणि निष्कर्ष मात्र खोटा, अशी एक तरी परिस्थिती रचता येते का? आली, तर निष्कर्ष निघत नाही. कितीही डोके चालवून आलीच नाही, तर निघतो.

यासाठी वर्तुळे काढणे सर्वांत सोपे. अठराव्या शतकात ऑयलर या गणितज्ञाने एका जर्मन राजकन्येला लिहिलेल्या पत्रांत अशी वर्तुळे वापरली, आणि १८८० साली जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने त्यांना आजचे रूप दिले. शाळेच्या गणितात आपण ज्यांना ‘वेन आकृत्या’ म्हणतो त्या ह्याच. आता पदवीधरांचे एक मोठे वर्तुळ काढा. डॉक्टरांचे लहान वर्तुळ पूर्णपणे त्याच्या पोटात. गायकांचे वर्तुळ पदवीधरांच्या वर्तुळाला कुठेतरी छेदले पाहिजे, एवढीच अट आहे. ते डॉक्टरांच्या वर्तुळावर आणता येते, तसे त्याला अजिबात न शिवता पलीकडच्या कडेलाही काढता येते. हे दुसरे चित्र काढता आले, की निष्कर्ष मोडला. मग तुमचे डॉक्टर भैरवी गात असोत नाहीतर भावगीत.

तिने लगेच पाच-सहा प्रश्न वर्तुळांनी सोडवले आणि बरोबर आले. पण पुढच्या दोनांत पुन्हा अडली. तेव्हा ध्यानात आले, की अडचण तर्काची नाही, शब्दांची आहे. ती मराठी माध्यमातली. प्रश्न इंग्रजीत असतात. ती मनातल्या मनात त्यांचे मराठी करते. आणि आपली रोजची मराठी व तर्काची भाषा यांत काही ठिकाणी फरक आहे.

‘काही’ हा शब्द घ्या. ‘काही पाहुणे जेवले’ म्हटले की आपण विचारतो, ‘मग राहिले कोण?’ बोलण्यात ‘काही’ म्हणजे ‘सगळे नव्हेत’ हे आपण धरूनच चालतो. तर्कात तसे नाही. तिथे ‘काही’ म्हणजे ‘निदान एक’. सगळेही असू शकतील. ‘काही आंबे गोड आहेत’ यावरून ‘काही आंबे गोड नाहीत’ असे निघत नाही.

दुसरा घोटाळा ‘सर्व’ आणि ‘नाही’ एकत्र आले की होतो. ‘सर्व विद्यार्थी हजर नाहीत’ याचा अर्थ काय? एकही हजर नाही, की काही गैरहजर आहेत? मराठीत दोन्ही निघू शकतात. आपण बोलताना ‘सगळेच हजर नाहीत’ असा ‘च’ लावून किंवा आवाजाच्या हेलाने अर्थ स्पष्ट करतो. कागदावर हेल नसतो. म्हणून मनात मराठी करताना ‘एकही नाही’ किंवा ‘निदान एक तरी नाही’ असेच करावे.

विधान उलटे करतानाही असेच जपावे लागते. ‘सर्व डॉक्टर पदवीधर आहेत’ हे उलटवून ‘सर्व पदवीधर डॉक्टर आहेत’ असे होत नाही. फार तर ‘काही पदवीधर डॉक्टर आहेत’ एवढेच. ज्यांचा उल्लेख केला ते अस्तित्वात आहेत, असे या परीक्षांत धरून चालतात. ‘एकही मांजर कुत्रा नाही’ हे मात्र खुशाल उलटवावे : ‘एकही कुत्रा मांजर नाही.’ ‘काही गायक शिक्षक आहेत’ हेही उलटते. आणि ‘काही फळे आंबे नाहीत’ हे मुळीच उलटत नाही. उलटवून ‘काही आंबे फळे नाहीत’ म्हटले तर हसे होईल. एवढ्या चार गोष्टी पक्क्या झाल्या, की निम्मी लढाई जिंकली.

तिसरी जोडी ‘तर’ आणि ‘तरच’ यांची. ‘पदवी असेल तरच प्रवेश मिळेल’ आणि ‘पदवी असेल तर प्रवेश मिळेल’ यांत एका ‘च’चा फरक, पण पहिल्या वाक्यात पदवीवाचून दार बंद आहे, एवढेच सांगितले, पदवी असली की दार उघडेल, असे वचन दिलेले नाही. दुसऱ्या वाक्यात वचन आहे. इंग्रजीत हे ‘ओन्ली इफ’ आणि ‘इफ’ असे येते. घाईत ‘ओन्ली’ नजरेतून निसटते. ‘अनलेस’ दिसले, की त्या जागी ‘नसेल तर’ घालून वाचावे. ‘हॉल तिकीट नसेल तर आत सोडणार नाही’ यावरून ‘हॉल तिकीट असले की सोडतीलच’ असे निघत नाही. ओळखपत्र विसरलेल्यांना हे चांगले माहीत असते.

‘जर-तर’ची विधाने हा तर स्वतंत्र सापळा आहे. ‘पाऊस पडला तर अंगण ओले होते.’ यावरून चार गोष्टी संभवतात. पाऊस पडला, म्हणून अंगण ओले असणार. बरोबर. अंगण कोरडे आहे. म्हणून पाऊस पडलेला नाही. हेही बरोबर. अंगण ओले आहे. म्हणून पाऊस पडला. चूक, कुणी सडा घातला असेल. पाऊस पडला नाही. म्हणून अंगण कोरडे. तेही चूक, त्याच कारणाने. चारांपैकी दोनच निघतात, आणि परीक्षेत भुरळ घालतात त्या नेमक्या उरलेल्या दोन.

हे सारे पाश्चात्त्यांचे शास्त्र, असे कुणी समजू नये. आपल्या न्यायदर्शनात अनुमानाचे ठरलेले उदाहरण आहे : डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे अग्नी आहे; कारण जिथे धूर तिथे अग्नी, जसे स्वयंपाकघरात. सतराव्या शतकातल्या अन्नंभट्टांच्या ‘तर्कसंग्रह’ या छोट्या ग्रंथातून संस्कृतच्या विद्यार्थ्यांच्या कितीतरी पिढ्या हे शिकत आल्या. पण नैयायिकांनी पुढचा प्रश्नही विचारला आहे. हेच उलटे करून ‘जिथे अग्नी तिथे धूर’ म्हणता येईल का? नाही. भट्टीत लालबुंद तापलेला लोखंडाचा गोळा आठवा. त्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर यायला ओले जळण लागते. तो तापलेला गोळा म्हणजेच आपले ‘मोडून पाहणे’. एक गोळा सापडला, की निष्कर्ष पडला.

आता एक गंमत करून पाहा. टेबलावर चार पत्ते आहेत. प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. तुम्हांला दिसतात ‘अ’, ‘क’, ‘४’ आणि ‘७’. नियम असा : ‘एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो.’ हा नियम पाळला आहे का, हे तपासायला कोणते पत्ते उलटायलाच हवेत?

बहुतेक लोक ‘अ आणि ४’ म्हणतात. बरोबर उत्तर ‘अ आणि ७’. चारच्या मागे व्यंजन निघाले तरी नियम मोडत नाही, कारण व्यंजनाबद्दल नियम काही बोलतच नाही. सातच्या मागे स्वर निघाला तर मात्र मोडतो. पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली हे कोडे मांडले. तेव्हापासून अनेकांनी ते वापरले. अचूक उत्तर देणारा साधारण दहांत एखादाच निघतो. पण १९८२ साली अमेरिकेत फ्लोरिडामध्ये रिचर्ड ग्रिग्ज आणि जेम्स कॉक्स यांनी हेच कोडे वेगळ्या वेषात विचारले. नियम : ‘जो बिअर पितो त्याचे वय १९ वर्षांच्या वर हवे.’ कुणाला तपासाल? आता सुमारे तीन-चतुर्थांश विद्यार्थ्यांनी अचूक सांगितले : बिअर पिणाऱ्याचे वय तपासा, आणि लहान वयाच्या मुलाच्या पेल्यात काय आहे ते पाहा.

कोडे तेच, मग डोके अचानक कसे चालले? माझी समजूत अशी, की दुसऱ्या वेळी आपण ‘नियम कोण मोडतो’ हे शोधू लागतो. म्हणून तिला मी सांगितले, प्रश्न कोरडा आणि अक्षरांचा असला, की स्वतःला वडिलांच्या जागी, एस.टी.च्या वाहकाच्या जागी समज. तिकीट न काढणारा कोण, एवढेच शोध. तिकीट हातात धरून बसलेल्याला वाहक उठवत नाही.

उताऱ्यावरचे प्रश्न जरा निराळे असतात. तिथे ‘निश्चित खरे’, ‘बहुधा खरे’, ‘माहिती अपुरी’, ‘बहुधा खोटे’, ‘निश्चित खोटे’ असे पर्याय देतात. समजा, उतारा असा आहे : ‘एका तालुक्यात गेल्या वर्षी ठिबक सिंचनाखालचे उसाचे क्षेत्र दुप्पट झाले. त्याच वर्षी तालुक्यातले उसाचे एकूण उत्पादन घटले.’ आता ‘ठिबकमुळे उत्पादन घटते’ हे विधान? माहिती अपुरी. दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या, एवढेच कळले. ‘उसाची एकूण लागवड कमी झाली’? तेही अपुरेच, कदाचित पाऊस कमी झाला असेल, कदाचित कीड पडली असेल. ‘ठिबकखालचे क्षेत्र दुप्पट होऊनही त्या वर्षी एकूण उत्पादन वाढले नाही’? हे निश्चित खरे. निष्कर्ष जितका मोठा बोलतो तितका तो धोक्याचा. ‘नेहमी’, ‘मुळेच’, ‘एकमेव’, ‘सर्वांत’ असे शब्द दिसले, की उताऱ्यात त्यांना आधार आहे का, हे बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. शेतकऱ्याच्या मुलांना इथे जास्त त्रास होतो, कारण त्यांना उसाबद्दल उताऱ्यापेक्षा जास्त कळते.

काही प्रश्नांत निष्कर्षाऐवजी गृहीतक विचारतात. निष्कर्ष विधानाच्या पुढे असतो, गृहीतक त्याच्या मागे. ‘रहदारी कमी व्हावी म्हणून नगरपालिकेने बाजारात वाहनतळ शुल्क वाढवावे’, असे कुणी म्हणाले, तर शुल्क वाढल्यावर निदान काही लोक गाडी आणणार नाहीत, हे त्याने धरलेच आहे. ओळखायची युक्ती सोपी. ते वाक्य नकारार्थी करून पाहा. ‘शुल्क वाढले तरी एकही माणूस गाडी घरी ठेवणार नाही’ म्हटल्यावर मूळ सूचना कोसळते; म्हणजे ते गृहीतक होते.

वेळेचे म्हणाल, तर आधी निष्कर्ष वाचावा, मग विधाने. काय मोडायचे आहे हे ठाऊक असले, की चित्र लवकर सुचते. एका प्रश्नाशी दीड मिनिटाहून जास्त झुंजू नये. २०२४ च्या सीईटीत चुकीच्या उत्तराला गुण कापत नसत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडण्यात अर्थ नव्हता. आय.आय.एम.च्या ‘कॅट’मध्ये पर्यायी प्रश्नाचे चुकीचे उत्तर एक गुण खाऊन जाते, तिथे अंदाजाने खुणा करू नयेत. आपल्या परीक्षेचा नियम त्या वर्षीच्या माहितीपत्रकात आधी वाचून घ्यावा.

असे दोन महिने आमचे चालले. मग एका रविवारी तिचे वडील हातात एक जाहिरात घेऊन आले. शहरातल्या एका खासगी क्लासची होती. ‘ताई, यांचं म्हणणं, नामांकित कॉलेजात गेलेल्या दर दहा मुलांत आठ यांची असतात. पतपेढीतून कर्ज काढून हिला घालावं म्हणतो. तुमचं काय मत?’

मी काही बोलण्याआधीच ती म्हणाली, ‘बाबा, हे उलटं आहे. निवडलेल्या दहांत आठ त्यांचे, असं ते सांगतात. त्यांच्याकडच्या दहांत किती निवडले गेले, ते कुठं सांगतात?’ आणि तिने जाहिरातीच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. समजा, क्लासला ऐंशी मुले होती आणि आठ निवडली गेली. घरी अभ्यास करणारी चारच होती आणि दोन निवडली गेली. निवडलेल्या दहांत आठ क्लासची, जाहिरात अक्षरशः खरी. पण क्लासमधला दहांत एक आणि घरचा दोघांत एक!

‘म्हणजे क्लास फसवा आहे म्हणायचं?’ वडिलांनी विचारले.

‘तेही निघत नाही,’ ती म्हणाली. ‘माहिती अपुरी आहे. त्यांना विचारू या, एकूण मुलं किती होती.’

दोघे विचारून आले. आकडा काही मिळाला नाही. कर्ज काढायचे नाही, असे त्या घराने त्या रात्री ठरवले. मला त्या क्षणी वाटले, परीक्षेचे काय व्हायचे ते होवो, हिला हे शास्त्र आले. समोरच्याचे बोलणे खोटे ठरवायची गरज नसते. ते कुठपर्यंत जाते आणि कुठे थांबते, एवढे दिसले तरी माणूस पुष्कळ फसवणुकींतून वाचतो. निवडणुकीतले आकडे, औषधांच्या जाहिराती, मोबाइलवर येणारे निरोप यांतही खोटे असतेच. पण बरेचसे खरेच असते, फक्त त्यातून जे आपण काढतो ते निघत नसते.

त्या वर्षी तिला हव्या त्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला. पेढे द्यायला आली तेव्हा वडील म्हणाले, ‘तुमच्याकडं शिकली म्हणून मिळालं, ताई.’ मी पेढा घेतला. मुलीकडे पाहिले, तर ती गालातल्या गालात हसत होती. आधी हे, मग ते, एवढ्यावरून काय निघते आणि काय नाही, हे तिला आता कुणी सांगायची गरज नव्हती.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)